सडा सगळेच तुडवत होते : कुतूहल माणसाच्या कामी कसं येतं

रत्नागिरीहून राजापूरकडे निघालं की रस्ता मधूनमधून सड्यावर चढतो. माडा-पोफळीची गावं खाली राहतात आणि दोन्ही अंगांना जांभ्याचा काळपट, खडबडीत कातळ पसरत जातो. पावसाळ्यात त्यावर गवत आणि रानफुलं असतात, शिमग्यापर्यंत नुसता तापलेला दगड उरतो. या सड्यांवरून पिढ्यान्‌पिढ्या माणसं ये-जा करत आली. गुराखी गुरं घेऊन आले, बायका गवताचे भारे घेऊन गेल्या, एका वाडीतून दुसऱ्या वाडीला जाणाऱ्या पायवाटा इथूनच पडल्या. चिरेखाणवालेही मापं घेऊन गेले. या सगळ्यांच्या पायाखाली हत्ती होते, मासे होते, पक्षी होते, हातपाय ताठ ठेवून उभी असलेली माणसं होती. हजारो वर्षांपूर्वी कुणीतरी ती कातळात कोरून ठेवली होती.

निवळीसारखी मोजकी ठिकाणं आधी नोंदली गेली होती. पण या चित्रांचा चिकाटीने माग काढला तो रत्नागिरीतल्या काही हौशी मंडळींनी. सुधीर रिसबूड हे व्यवसायाने इंजिनीअर. त्यांच्या जोडीला धनंजय मराठे आणि भूगोलाचे प्राध्यापक डॉ. सुरेंद्र ठाकूरदेसाई. यांच्यापैकी कुणीही पुरातत्त्व खात्याच्या नोकरीत नव्हतं. तरी २०१८ पर्यंत या शोधातून ५२ गावांच्या परिसरातली चित्रं पुढे आली होती आणि त्यांतल्या जेमतेम पाच गावांना आपल्याकडे असं काही आहे याची कल्पना होती. २०२२ मध्ये कोकणातली कातळचित्रं युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या तात्पुरत्या यादीत गेली.

कोडं असं आहे. सडा तोच, कातळ तोच, डोळेही सगळ्यांना सारखेच. मग मूठभर माणसं थांबून शोधायला का लागली आणि बाकीची पुढे का गेली? ‘त्यांची बुद्धी जास्त’ असं म्हणून हे कोडं सुटत नाही. तसंच एक कोडं रोजच्या नोकरीधंद्यातही दिसतं. एकाच वर्षी, एकाच पदवीवर दोन जण कामाला लागतात. दहा वर्षांनी एकाकडे सल्ला मागायला माणसं येतात आणि दुसरा त्याच टेबलावर तेच काम तसंच करत असतो. दोघांच्या गुणपत्रिका समोर ठेवल्या तर फरक सापडत नाही.

कुतूहल हा जन्मजात स्वभाव आहे, कुणाकडे असतो, कुणाकडे नसतो, असं आपण समजून चालतो. स्वभावाचा भाग त्यात आहेच. पण गेल्या काही दशकांत मानसशास्त्रज्ञांनी कुतूहल नेमकं कधी जागं होतं, डोक्यात काय करतं आणि माणसाच्या वाटचालीत कसं उपयोगी पडतं, हे बरंच उलगडलं आहे. त्यावरून दिसतं की कुतूहलाला काही अटी लागतात आणि त्यांतल्या बऱ्याचशा आपण जुळवून आणू शकतो.

अर्धवट कळल्याची अस्वस्थता

जॉर्ज लोवेनस्टाइन या अमेरिकी अभ्यासकाने १९९४ मध्ये एक साधी कल्पना मांडली. आपल्याला जे ठाऊक आहे आणि जे ठाऊक व्हायला हवं असं वाटतं, त्या दोहोंत अंतर दिसलं की मन अस्वस्थ होतं. या अस्वस्थतेलाच आपण कुतूहल म्हणतो. यातला कळीचा शब्द आहे ‘दिसलं’. अंतर नुसतं असून भागत नाही, ते आपल्या लक्षात यावं लागतं. आणि ते लक्षात यायचं तर त्या विषयातलं थोडंफार आधी ठाऊक असावं लागतं.

२००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या कॅलटेक संस्थेतल्या संशोधकांनी हे तपासून पाहिलं. लोकांना सामान्यज्ञानाचे प्रश्न दिले आणि प्रत्येक प्रश्नाबाबत दोन गोष्टी विचारल्या : उत्तर आपल्याला येतंय असं किती वाटतं, आणि उत्तर जाणून घ्यायची उत्सुकता किती आहे? ज्या प्रश्नांबद्दल काहीच सुचत नव्हतं तिथे उत्सुकता कमी होती. ज्यांचं उत्तर पक्कं माहीत होतं तिथेही कमी होती. ‘अरे, हे कुठेतरी वाचलंय, अगदी ओठावर आहे’ असं ज्या प्रश्नांबद्दल वाटलं, तिथे ती सर्वांत जास्त होती.

आता पुन्हा सड्यावर या. ज्याने कधीच असं चित्र पाहिलेलं नाही, त्याला कातळातली रेघ ही नुसती भेग वाटते. त्याला अंतर दिसतच नाही. उलट, ज्याच्या गावात ‘हे देवाचं आहे, पूर्वीपासून आहे’ असं उत्तर ठरून गेलेलं असतं, त्याच्यापुढेही प्रश्न उरत नाही. (या श्रद्धेने काही चित्रं जपली, हेही तितकंच खरं. देवीहसोळला आर्यादुर्गेच्या देवळाजवळच्या चित्राला आजही मान आहे.) या दोघांच्या मधे तिसरा असतो. त्याने एक चित्र पाहिलेलं असतं आणि ‘एक आहे तर आणखी असणार, पण कुठे?’ एवढं अर्धवट त्याच्या डोक्यात शिरलेलं असतं. त्याला सडा वेगळा दिसू लागतो.

आणि दिसणंही सोपं नव्हे. चित्राची खाच काही बोटं खोल असते. वाऱ्याने माती आणून ती बुजवलेली असते. पाऊस पडला की त्या मातीत गवत उगवतं आणि कातळावर गवताची एक रांग वळण घेत गेलेली दिसते. दुपारी ऊन डोक्यावर असताना खाचेला सावली पडत नाही, म्हणून चित्रावर उभं राहूनही ते दिसत नाही. सकाळी किंवा संध्याकाळी तिरपं ऊन पडलं की त्याच जागी पाठ, पाय, सोंड अशी एकेक रेघ उठून येते. कशेळीचा हत्ती सुमारे १८ मीटर लांब आहे. इतक्या मोठ्या आकाराच्या मधोमध उभं राहिलं तर आपण हत्तीत उभे आहोत हे कळायलाही आधी हत्तीची शंका यावी लागते.

म्हणूनच दहावीच्या मुलाला ‘तुला कशात आवड आहे?’ असं विचारून गप्प बसवणं मला अन्यायाचं वाटतं. ज्या क्षेत्राची ओझरतीही ओळख नाही, त्याबद्दल आवड यायची कुठून? दहावी-बारावीच्या निकालात कोकण विभाग वर्षानुवर्षं राज्यात पहिला येतो. मुलं हुशार आहेत, कष्टाळू आहेत. पण त्यांच्या डोळ्यांपुढे व्यवसाय किती असतात? डॉक्टर, इंजिनीअर, शिक्षक, बँकवाले, तलाठी आणि मुंबईला गेलेला काका. मिरकरवाडा बंदरावर रोज मासळी उतरताना पाहणाऱ्या मुलीला, शिरगावच्या मत्स्य महाविद्यालयात याच मासळीचा अभ्यास होतो, तिची पैदास, रोग, साठवण यांवर माणसं आयुष्यं घालतात, हे बरेचदा बारावीनंतरच कळतं. तिला आधी थोडी ओळख करून द्यायला हवी. एखादा दिवस तिथल्या प्रयोगशाळेत, एखादी भेट तिथे शिकणाऱ्या कुणाची. प्रश्न त्यानंतर तिला स्वतःलाच पडतील.

नोकरीतही हेच चालतं. अगदी नवखा माणूस प्रश्न विचारत नाही, कारण काय विचारावं हेच त्याला कळत नाही. वीस वर्षं झालेला विचारत नाही, कारण ‘मला माहितेय’ हे त्याच्या मनात पक्कं बसलेलं असतं. दोघांचंही कुतूहल मिटलेलं असतं, कारणं मात्र वेगळी. नवख्याला थोडी माहिती हवी. जुन्याला आपल्या माहितीत कुठेतरी पोकळी आहे हे दिसायला हवं, आणि त्यासाठी कधीकधी शेजारच्या खात्यात आठवडाभर बसणंही पुरतं.

चौकट : कोकणातली कातळचित्रं
जांभ्याच्या सपाट सड्यावर कोरलेली ही चित्रं रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग जिल्ह्यांत आणि गोव्यात आढळतात. युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत रत्नागिरी जिल्ह्यातली उक्षी, जांभरूण, कशेळी, रुंढे तळी, देवीहसोळ, बारसू आणि देवाचे गोठणे, सिंधुदुर्गातलं कुडोपी आणि गोव्यातलं फणसायमळ ही नऊ ठिकाणं आहेत. चित्रांत हत्ती, मासे, पक्षी, माणसं आणि भौमितिक आकृत्या आहेत. आज कोकणात कुठेही नसलेले गेंडा आणि पाणघोडाही आहेत. शेतीची दृश्यं मात्र आढळत नाहीत. त्यावरून ती शिकार करून, कंदमुळं गोळा करून राहणाऱ्या माणसांनी कोरली असावीत, असा अभ्यासकांचा तर्क आहे. नेमक्या वयाबद्दलचा अभ्यास अजून सुरू आहे. चिरेखाणी, बांधकामं आणि रस्ते हे त्यांच्यापुढचे मोठे धोके आहेत.

उत्सुक डोकं जास्त का टिपतं?

कुतूहल जागं झाल्यावर डोक्यात काय घडतं, याचं एक सुंदर उत्तर २०१४ मध्ये डेव्हिस इथल्या कॅलिफोर्निया विद्यापीठातून आलं. प्रयोग असा होता. माणसाला एक प्रश्न दाखवायचा आणि उत्तर दाखवण्याआधी काही सेकंद थांबवायचं. या थांबण्याच्या काळात पडद्यावर एक अनोळखी चेहरा यायचा. त्या चेहऱ्याचा प्रश्नाशी काही संबंध नसे. पुढे दोन्ही गोष्टींची परीक्षा घेतली : उत्तरं किती आठवतात आणि चेहरे किती ओळखता येतात.

ज्या प्रश्नांची उत्सुकता जास्त होती त्यांची उत्तरं जास्त लक्षात राहिली. यात नवल नाही. पण अशा प्रश्नांच्या वेळी सहज दिसून गेलेले चेहरेही जास्त ओळखता आले. फरक मोठा नव्हता, पण होता. दुसऱ्या दिवशी विचारलं तरी टिकून होता. मेंदूच्या छायाचित्रणात दिसलं की उत्सुकतेच्या क्षणी दोन भागांचा संवाद वाढतो. एक भाग आपल्याला काही मिळणार असल्याची चाहूल लागली की कामाला लागतो. भूक लागलेली असताना समोर ताट येताना दिसलं की हाच भाग जागा होतो. दुसरा भाग नव्या आठवणी साठवतो. म्हणजे उत्तराची वाट पाहणारा मेंदू साठवणीची दारं थोडी जास्त उघडी ठेवतो, आणि त्या वेळात शेजारून जाणारी गोष्टही आत येते.

कामाच्या दृष्टीने याचं मोल फार आहे. गाडीचं इंजिन असा आवाज का करतं, या प्रश्नाने पछाडलेला शिकाऊ मेकॅनिक आवाजाचं कारण तर शिकतोच. पण त्याच वेळी उस्ताद कुठला पाना आधी उचलतो, गिऱ्हाइकाशी कसं बोलतो, कुठला सुटा भाग कुणाकडून मागवतो, हेही त्याच्या डोक्यात राहतं. ते त्याला कुणी शिकवलेलं नसतं. शेजारी उभ्या असलेल्या आणि घड्याळाकडे पाहणाऱ्या पोराला तेच सगळं दिसलेलं असतं, पण राहत नाही. दोन वर्षांत दोघांत पडणारं अंतर अशा हजार बारीकसारीक गोष्टींचं असतं. म्हणून ते गुणपत्रिकेत दिसत नाही.

कलम बांधायला मूळ लागतं

इथे एक शंका येते. कुतूहल एवढं चांगलं, तर रोज नव्या विषयामागे धावणारा माणूस सगळ्यांत पुढे जायला हवा. तसं होत नाही. मोबाइलवर एकामागून एक चित्रफीत पाहताना बोटालाही कुतूहलच सरकवत असतं, पण ते दुसऱ्या प्रकारचं. डॅनियल बर्लाइन या मानसशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या मध्यावर हा भेद दाखवला होता. एक कुतूहल कंटाळ्यातून येतं. त्याला नुसतं काहीतरी नवं हवं असतं, काय ते महत्त्वाचं नसतं. दुसऱ्याला एका ठराविक प्रश्नाचं उत्तर हवं असतं आणि ते मिळेपर्यंत ते हलत नाही. पहिलं वाईट नाही, त्यातून कधीकधी वाट सापडते. पण पोट भरण्याइतकं कौशल्य फक्त दुसऱ्यातून तयार होतं.

आणि दुसरं कुतूहल फळाला येतं ते बहुतेकदा हातात आधीपासून असलेल्या कामाशी जोडलं गेल्यावर. रत्नागिरीत हे समजवायला कोय कलमाएवढं चांगलं उदाहरण नाही. पावसाळ्याच्या तोंडाशी रुजलेल्या रायवळ कोयीचं कोवळं, तांबूस रोप घेतात. त्याचा शेंडा छाटून मधोमध उभी चीर देतात. हापूसच्या झाडावरची काडी दोन्ही बाजूंनी पाचरीसारखी तासून त्या चिरेत बसवतात आणि प्लास्टिकच्या पट्टीने घट्ट बांधतात. दोघांच्या सालीखालचे जिवंत थर एकमेकांना भिडले तर काडी जगते, नाहीतर आठवड्याभरात सुकते. हापूसची काडी कितीही उत्तम असो, ती नुसती जमिनीत खोचून बाग होत नाही. रायवळीचं मूळ लागतं. नव्या आवडीचंही तसंच आहे. आपल्या शिक्षणात, अनुभवात, हातच्या कसबात जिथे तिचा जिवंत सांधा जुळतो, तिथेच ती पोसली जाते.

कातळचित्रांच्या शोधात हा सांधा दिसतो. सड्यासड्यांची पद्धतशीर पाहणी करायची, जागा नकाशावर घ्यायची, मापं घ्यायची, नोंदी एकसारख्या ठेवायच्या, ही कामं इंजिनीअरच्या हाताला ओळखीची असतात. सडा कसा तयार झाला, पाणी कुठे साचतं, जुनी वस्ती कुठे असू शकेल, हे भूगोलाच्या माणसाचे प्रश्न. देवाचे गोठणे इथल्या चित्राजवळ होकायंत्राची सुई आपली दिशा सोडते, असं सांगतात. साध्या पर्यटकाला ती गंमत वाटेल, पण खडकांची जाण असलेल्याला तिथून पुढचे दहा प्रश्न पडतात. तेव्हा ‘माझं शिक्षण वाया गेलं, मला भलतंच आवडतं’ असं म्हणणाऱ्या तरुणांना मी नेहमी एकच गोष्ट विचारतो : त्या भलत्या क्षेत्रात तुझ्या शिक्षणाची कुणाला गरज आहे? कॉमर्स झालेल्या आणि नाटकवेड्या मुलाला नाट्यसंस्थेचे हिशेब, दौऱ्यांचं गणित, अनुदानाचे अर्ज दिसत नाहीत, कारण त्याने नाटकाकडे फक्त रंगमंचाच्या बाजूने पाहिलेलं असतं.

विचारणाऱ्याची अब्रू जात नाही

आपल्याकडे कुतूहलाला सर्वांत जास्त मारतं ते घरातलं एक वाक्य : ‘आगाऊपणा करू नकोस.’ मोठ्यांपुढे प्रश्न विचारला की तो उद्धटपणा ठरतो. शाळेत विचारला तर ‘एवढंही कळत नाही?’ असं ऐकावं लागतं. मूल मोठं होऊन नोकरीला लागतं तेव्हा साहेबाला काही विचारायचं म्हणजे आपलं अज्ञान उघडं करायचं, ही भीती त्याच्यात मुरलेली असते. मग ते दोन दिवस चुकत बसतं, पण विचारत नाही.

ही भीती बरीचशी खोटी आहे, असं हार्वर्ड आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठांतल्या संशोधकांना २०१५ मध्ये दिसलं. त्यांच्या प्रयोगांत लोकांना वाटत होतं की सल्ला मागितला तर आपण कमी दर्जाचे ठरू. प्रत्यक्षात ज्यांच्याकडे सल्ला मागितला गेला त्यांनी विचारणाऱ्याला जास्त समर्थ मानलं. मात्र अटी होत्या. काम खरोखर अवघड असावं लागतं, आणि ज्याला विचारतोय तो त्यातला जाणकार असावा लागतो. सोप्या कामासाठी कुणाच्याही मागे लागणाऱ्याबद्दल मत चांगलं होत नाही, हे आपल्यालाही अनुभवाने माहीत आहे. ‘सर, हे कसं करायचं?’ आणि ‘सर, मी इथपर्यंत करून पाहिलं, इथे अडलोय, तुम्ही असता तर काय केलं असतं?’ या दोन प्रश्नांत हाच फरक आहे. दुसरा प्रश्न आपलं अज्ञान दाखवतो, पण त्याआधी आपली मेहनत दाखवतो.

कातळचित्रांच्या शोधाला खरा वेग आला तोही विचारण्यानेच. चार माणसांनी किती सडे पालथे घालायचे? त्यांनी गावोगाव विचारायला सुरुवात केली. हळूहळू लोकच फोटो पाठवू लागले. मग शाळांना या कामात ओढलं. मुलांना सांगितलं : घरी जाऊन आजोबांना, गावातल्या म्हाताऱ्या माणसांना विचारा, अशी चित्रं कुठे पाहिली आहेत का? मला या सगळ्या कहाणीतली ही युक्ती सर्वांत मोलाची वाटते. गावातल्या एखाद्या गुराख्याने लहानपणी दगडातला मासा पाहिलेला असतो. तो कुणाला सांगत नाही, कारण ती सांगण्यासारखी गोष्ट आहे असं त्याला कधी वाटलेलंच नसतं. नातवाने ओटीवर बसून विचारलं की साठ वर्षांपूर्वीची ती गोष्ट बाहेर येते. माहिती गावात होती. ज्याच्याकडे ती होती त्याला प्रश्न माहीत नव्हता आणि ज्याच्याकडे प्रश्न होता त्याला गाव माहीत नव्हतं. दहा-बारा वर्षांच्या मुलांनी ही गाठ घालून दिली.

गरुड शोधायला गेले आणि कासव सापडलं

करिअर म्हणजे आधी ठरवायचं आणि मग गाठायचं, असं आपण मानतो. अमेरिकी समुपदेशक जॉन क्रम्बोल्ट्झ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये याच्या उलट मांडलं. माणसांच्या वाटा बहुतेकदा न ठरवलेल्या घटनांनी वळतात. कुणाची गाठ पडते, एखादं काम अंगावर येतं, कुठेतरी काहीतरी दिसतं. अशा घटना सगळ्यांच्याच वाट्याला येतात. त्यांचा उपयोग करून घ्यायला काही सवयी लागतात. त्यांनी पाच सांगितल्या : कुतूहल, चिकाटी, लवचीकपणा, आशावाद आणि थोडी जोखीम घेण्याची तयारी. यादीत कुतूहल पहिलं आहे, कारण ते नसेल तर संधी आली होती हेच कळत नाही.

आपल्याच जिल्ह्यात याचं उदाहरण आहे. चिपळूणची सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था भाऊ काटदरे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उभी केली. २००२ मध्ये ही मंडळी किनाऱ्यावर पांढऱ्या पोटाच्या समुद्री गरुडाची पाहणी करत होती. विषय पक्ष्याचा होता. त्या फिरतीत मंडणगड तालुक्यातल्या वेळासला त्यांना दिसलं की किनाऱ्यावर ऑलिव्ह रिडले जातीची समुद्री कासवं अंडी घालतात आणि ती अंडी माणसं काढून नेतात. गरुडाच्या पाहणीपुरतंच बघणारा माणूस ‘कासवाचं आमच्या यादीत नाही’ म्हणून पुढे गेला असता. यांनी तिथे थांबून विचारलं : किती घरटी होतात, कोण नेतं, थांबवता येईल का?

त्यातून किनाऱ्यावरच्या जाळीबंद कुंपणाची पद्धत आली. रात्री-पहाटे घातलेली अंडी हलक्या हाताने काढून कुंपणातल्या तशाच खोल खड्ड्यात पुरतात. साधारण दीड-दोन महिन्यांनी पिल्लं बाहेर येण्याचा सुमार झाला की त्या जागेवर टोपली पालथी ठेवतात. सकाळी आणि संध्याकाळी टोपली उचलून पाहतात. खाली पिल्लं असतील तर वाळूवर, समुद्रापासून थोड्या अंतरावर सोडतात, म्हणजे ती आपल्या पायांनी पाण्यात जातात. हे पाहायला लोक येऊ लागले आणि २००६ पासून कासव महोत्सव भरू लागला. पाहुण्यांना राहायला जागा हवी, जेवण हवं, म्हणून वेळासच्या घराघरांत पाहुण्यांची सोय सुरू झाली. ज्या किनाऱ्यावरून अंडी जात होती तिथे अंडी राखण्याचं काम आणि त्यावर चार पैसे गावालाच मिळू लागले. घरगुती निवास, वाटाड्या, कासवमित्र ही कामं २००२ च्या आधी कुणाच्याही करिअर मार्गदर्शनाच्या पुस्तिकेत नव्हती. वेळासच्या कुठल्याही मुलाला ती ‘निवडता’ आली नसती.

कातळचित्रांचंही तसंच झालं. सरकारने त्यांच्या अभ्यासासाठी २४ कोटी रुपयांची तरतूद केल्याचं २०१८ मध्ये जाहीर झालं. हौस म्हणून सुरू झालेल्या फिरतीला आता नकाशे काढणारे, छायाचित्रण करणारे, भूगर्भाचे जाणकार, माहिती सांगणारे स्थानिक वाटाडे, असे सगळे लागतात.

पोटापाण्याचं काय?

हा प्रश्न आईवडील विचारतात आणि तो योग्यच आहे. घरावर कर्ज असलेल्या, धाकट्या बहिणीचं शिक्षण व्हायचं असलेल्या मुलाला ‘मनाचं ऐक, नोकरी सोड’ असं सांगणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. आणि वरच्या उदाहरणांत तसं कुणी करायला सांगतही नाही. कुतूहलाला वेळ लागतो, थोडा पैसा लागतो आणि बराच काळ त्यातून काहीच मिळत नाही. म्हणून ते जगवायला एखादा चालता व्यवसाय जवळ असणं ही सोयच आहे. आठवड्यातली एक संध्याकाळ, महिन्यातला एक रविवार, एवढ्यावरही ते वर्षानुवर्षं चालू शकतं. अट एकच : तो वेळ दुसऱ्या कुणाला द्यायचा नाही.

याचं सर्वांत मोठं उदाहरण याच जिल्ह्याच्या मातीतलं आहे. पांडुरंग वामन काणे १८८० मध्ये चिपळूणजवळच्या परशुरामला जन्मले, दापोलीत शिकले. वडील वकील. संस्कृतात उत्तम गती असलेल्या काण्यांनी आधी शिक्षकी केली, काही काळ रत्नागिरीच्या सरकारी शाळेतही. पुढे मुंबईच्या उच्च न्यायालयात वकिली केली. वकिलीत हिंदू कायद्याचे खटले येत आणि त्यांचे आधार जुन्या संस्कृत ग्रंथांत असत. इथे संस्कृत आणि कायदा यांचा सांधा जुळला. ‘व्यवहारमयूख’ या ग्रंथाची आवृत्ती तयार करताना, वाचकाला मागचा इतिहास कळावा म्हणून एक प्रस्तावना लिहावी, असं त्यांच्या मनात आलं. प्रस्तावनेसाठी एक ग्रंथ पाहावा तर त्यात दुसऱ्या तिघांचे दाखले. ते पाहावेत तर त्यांचा काळच ठरलेला नाही. काळ ठरवावा तर हस्तलिखितं शोधावी लागत.

ती प्रस्तावना आवृत्तीत मावली नाही. तिचा ‘धर्मशास्त्राचा इतिहास’ हा स्वतंत्र ग्रंथ झाला. पहिला खंड १९३० मध्ये निघाला तेव्हा काणे पन्नाशीचे होते. पाचवा १९६२ मध्ये पुरा झाला तेव्हा त्यांनी ऐंशी ओलांडली होती. मधल्या काळात मुंबई विद्यापीठाचं कुलगुरुपद झालं, राज्यसभेचं सदस्यत्व झालं. १९६३ मध्ये त्यांना भारतरत्न मिळालं. एका पुस्तकाच्या आरंभी घालायची म्हणून हाती घेतलेल्या त्या प्रस्तावनेची पानं तोवर साडेसहा हजारांवर गेली होती.